आपल्यातली

फोन ठेवून झाला तरी सुरेखाबाईंचा हात त्याच्यावरून उठेना. तो काळा चपटा तुकडा तळव्याखाली गरम लागत होता. दुपारचा दीड वाजला होता. मुलगा भरतेश हळदीच्या सौद्यांना मार्केट यार्डात गेलेला, सून बँकेत. सांगलीतल्या विश्रामबागेतलं ते तळमजल्याचं घर या वेळेला त्यांचं एकटीचं असायचं, आणि एरवी त्यांना ते आवडायचंही. आज मात्र कुठं बसावं ते कळेना. नातीनं, ब्राह्मीनं, मुंबईहून एक वाक्य सांगितलं होतं. चार वाजता ते जसंच्या तसं म्हणायचं. "आज्जी, तू फक्त म्हणायचं, शिवा आपल्यातलीच आहे. बाकीचं मी बघते." आमटीत मीठ टाक म्हणावं इतक्या सहज पोरगी बोलून गेली होती. आपल्यातली. हा शब्द त्यांनी जन्मभर ऐकला होता, बोललाही होता. सोयरीक ठरवताना, बसमध्ये शेजारी कुणी बसलं तर, दवाखान्यात नवा डॉक्टर आला तर. आडनाव विचारायचं, गाव विचारायचं, आणि मग हळूच, आपल्यातले का? त्यात कुणाला काही वाटायचं नाही. पण आज तो कानातून आत शिरला आणि थेट खाली, जिथं त्या सहसा जात नसत, तिथं जाऊन आपटला.

गोष्ट तशी साधी होती. ब्राह्मी आणि तिची मैत्रीण शिवांजली मुंबईत एकाच कंपनीत कामाला. दीड वर्ष दोघींनी पेइंग गेस्ट म्हणून एका खोलीत आणखी चार पोरींबरोबर काढलं होतं, कॉटखाली पेट्या आणि दोरीवर एकमेकींचे ओले टॉवेल. आता त्या खोलीच्या मालकिणीला ती महिनाअखेर रिकामी करून हवी होती. म्हणून एक हॉल, एक बेडरूम, एक स्वयंपाकघर अशी दोघींपुरती जागा शोधणं चाललं होतं. अकरा जागा बघून झाल्या. कुठं एकट्या मुली नकोत, कुठं भाडं दोघींचे पगार खाऊन ढेकर देणारं, एका ठिकाणी तर बेडरूम म्हणून दाखवली ती काचा लावलेली गॅलरी निघाली. बारावी जागा घाटकोपरची. चौथा मजला, खिडकीत सकाळचं ऊन, आणि स्वयंपाकघराला चक्क दार. ब्राह्मीनं त्या दाराचासुद्धा फोटो पाठवला होता. पण इमारत सगळी जैनांची, मालकीण जैन, भाडेकरूही जैनच पाहिजे. "मला वाटलं, सुटलो," ब्राह्मी म्हणाली. "तर ती बाई काय म्हणते, पाटील? पाटील कुठं जैन असतात? मी आधार कार्ड दाखवलं, तर म्हणते, यात जैन कुठं लिहिलंय? घरातलं कुणी मोठं माणूस दाखव. आता काय करायचं, तुला दाखवते." आणि हसली होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, "शिवापण पाटीलच आहे ना. चुलत बहीण म्हणून सांगितलंय. आडनाव एकच. कुणाला काय कळतंय?"

"आणि तू एकटीच घेतलीस तर?" त्यांनी विचारलं होतं.

"एकटीला परवडत नाही, आज्जी. आणि परवडलं असतं तरी तिला सोडून जाऊ? डेंग्यू झाला तेव्हा कुणी केलं माझं? तू आली होतीस?"

त्या आल्या नव्हत्या, गुडघा धरला होता. शिवांजलीला त्यांनी एकदाच पाहिलं होतं, गेल्या दिवाळीनंतर. बारीक चणीची, वेणी घालणारी, हातात ताट घेऊन उभ्यानंच जेवणारी पोर. पाटील म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं होतं, "उंब्रजच्या का गं?" पोरगी म्हणाली, "नाही आज्जी, मेढ्याची. तिकडं जावळीत." मेढ्याची. मग त्या उगाच उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या. हायसं वाटलं की वाईट वाटलं, हे त्यांना अजूनही ठरवता आलेलं नव्हतं.

नळाला बांधलेलं गाळणीचं फडकं सोडून त्यांनी धुतलं, पिळलं, पुन्हा बांधलं. सकाळीच धुतलेलं होतं. हाताला काम पाहिजे होतं. फडक्याची गाठ मारताना त्यांना तो दुसरा नळ दिसला, जुन्या घराच्या अंगणातला, पितळी तोटीचा, आणि त्याच्याशी वाकलेली, मागच्या खोल्यांतली भाडेकरीण शालूबाई. "पाण्यात लई गाळ येतोय व्हय वो तुमच्यात?" तिनं विचारलं होतं. जैनांत पाणी गाळून प्यायचं ते जिवाजंतूंसाठी, हे तिच्या गावीही नव्हतं. तिला आपलं वाटलं, कृष्णेला पूर आला की सांगलीकर फडकं बांधत असतील. तिथंच खरं म्हणजे कळायला पाहिजे होतं. पण सुरेखा तेव्हा वीस वर्षांची, समडोळीच्या माहेरातून त्या घरात येऊन दीडच वर्ष झालेलं, आणि घरात सासूशिवाय बोलायला दुसरं बाईमाणूस नाही. सासूला सगळे आव्वा म्हणत. आव्वा बोलत त्या आज्ञा असत, त्यांना बोलणं म्हणता येत नसे.

मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या सालची गोष्ट. मागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. एका दुपारी दारात एक लष्करी उंचीचा माणूस, त्याच्या मागं पदर खांद्यावरून घेतलेली बाई आणि तिच्या बोटाला धरून तीन वर्षांची पोरगी. पलटणीत होता, आकाराम पाटील. बायको मास्तरीण होण्याचं शिक्षण घ्यायला सांगलीत राहणार, तो पुन्हा सरहद्दीला जाणार. दारावरची सासऱ्यांच्या नावाची पाटी, 'आ. बा. पाटील', त्यानं मोठ्यानं वाचली आणि त्याचा चेहरा खुलला. आव्वांनी उंबऱ्यातूनच विचारलं, "आडनाव?" "पाटील." "गाव?" "उंब्रज." उंब्रजला आव्वांचे कुणी लांबचे आडत दुकानवाले होते, जैनच. "आपल्यातल्याच न्हवं?" आव्वा म्हणाल्या. आणि शालूबाईनं दारावरच्या पाटीकडं एकदा बघून मान हलवली. "व्हय की. आपल्यातलीच." दोघी खरं बोलल्या होत्या. दोघींचं आपलं वेगळं होतं, एवढंच. मराठ्यांत पाटील आणि जैनांत पाटील. सांगलीच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, तरी त्या दिवशी कुणी उलटून विचारलं नाही. सुरेखाबाईंनी ते वाक्य आठवताना आजही दाराशी उभ्या त्या तिघांची सावली कुठं पडली होती ते पाहिलं. तुळशीच्या कट्ट्यापर्यंत. त्या सावलीत काही खोटं नव्हतं.

फोन थरथरला. ब्राह्मीचा निरोप: 'तीन वाजले. हिरवी साडी नेस. मागे बाहुबलीचं कॅलेंडर दिसू दे. आणि आज्जी प्लीज भांडू नको.' त्यांनी हिरवी साडी काढली, मग ठेवून दिली. नाटकातल्या बाईसारखं वाटलं. नेसलेलीच बरी होती. कॅलेंडर मात्र भिंतीवर होतंच, त्याला त्या काय करणार.

शालूबाई दुपारी वर्गातून आली की मागच्या पायरीवर पुस्तकं घेऊन बसायची, मांडीवर पोरगी झोपलेली. एकदा सुरेखानं वाकून बघितलं. "वाचायला येतंय?" शालूबाईनं विचारलं. "सातवी झालीया." "मंग म्याट्रिकला बसा की वो बाहेरनं. मी शिकवती." इतकं सोपं. त्या दुपारपासून आव्वा निजल्या की पायरीवर शाळा भरायची. भूमिती सुरेखाला आवडायची. दोन रेषा कितीही लांबवल्या तरी भेटत नाहीत, हे ऐकून तिला का कोण जाणे हसू यायचं. शालूबाई खडूनं फरशीवर काढायची आणि उठताना टाचेनं पुसून टाकायची. कुणीतरी आपल्याला नुसतं काम न सांगता काहीतरी समजावून सांगतंय, याची सुरेखाला चटकच लागली. दुपार कधी होते असं व्हायचं. आणि अशाच एका दुपारी, शेजारच्या गल्लीत कुणाचं तरी लग्न होतं, मांडवाच्या मेढीला पानाच्या डहाळ्या बांधलेल्या दिसत होत्या, तिकडं बघत शालूबाई सहज म्हणाली, "आमचं देवक पाच पालवी. तुमचं कंचं वो?"

देवक. सुरेखाला ते काय असतं तेच ठाऊक नव्हतं. तिचं लग्न जैन देवळातल्या, बस्तीतल्या उपाध्यांनी लावलेलं. मेढीला डहाळ्या बांधल्याचं तिला आठवेना. एका क्षणात सगळं उलगडलं. फडकं, रात्री पेटणारी चूल, टोपलीतले कांदे, देव्हाऱ्यातला जोतिबाचा टाक. ही आपल्यातली नाही. आणि हेही त्याच क्षणी कळलं की हे तोंडातून बाहेर पडलं की संध्याकाळपर्यंत मागच्या खोल्या रिकाम्या होतील. पायरी, खडू, दुपार, सगळं जाईल. तेव्हा सुरेखा म्हणाली, "आमचंबी त्येच."

शालूबाईनं पुस्तक खाली ठेवलं. "पाच पालवी? खरं?" तिनं सुरेखाचे दोन्ही हात धरले. "आगं, मग आपुन भाऊबंदच की! एका देवकाची माणसं म्हंजी भैणीभैणी! आन् मी येडी आतापतुर तुमाला आवं-जावं करती!" त्या दिवसापासून ती सुरेखाला सुरे म्हणायला लागली. त्या घरात तिला सुरे म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. माहेरीही नव्हतं.

साडेतीन. सुरेखाबाई पाणी प्यायल्या. कॅलेंडरसमोर खुर्ची ठेवली, टेबलावर पोह्यांचा डबा, डब्याला टेकून फोन. मग खुर्ची उचलून कॅलेंडरापासून बाजूला नेली. मग परत आणली. मुंबईत ती दोन पोरं कुठंतरी बसून अशीच घड्याळ बघत असतील. शिवांजलीनं म्हणे जैनांचा णमोकार मंत्र पाठ केला होता, मोबाइलवर ऐकून ऐकून. अंडी सोडली होती. "सवय लावतीये," ब्राह्मी हसत म्हणाली होती, "चुकून बोलून जायला नको." या वाक्यानं सुरेखाबाईंना जास्त अस्वस्थ केलं. शालूबाईला निदान ठाऊक नव्हतं. या पोरीला सगळं ठाऊक होतं आणि एका दार असलेल्या स्वयंपाकघरासाठी ती रोज थोडी थोडी स्वतःला पुसत होती, टाचेनं खडू पुसावा तशी. आणि एक दिवस काहीतरी राहूनच जाईल. राहतंच. कुणीतरी दारात उभं राहील आणि ब्राह्मीला विचारेल, तुला ठाऊक होतं? ब्राह्मी काय म्हणेल? नात त्यांची लाडकी होती, धीट होती. पण रक्त त्यांचंच होतं.

आकाराम दोन महिन्यांच्या रजेवर आला तो एका रविवारी. सकाळी सुरेखा आव्वांबरोबर बस्तीत गेलेली. जाताना शालूबाईनं मागून हाक मारली होती, "सुरे, आज ह्यांच्यासाठी मटण टाकती हां. तुला वाटी ठिवू का?" आव्वा चार पावलं पुढं होत्या, त्यांना ऐकू गेलं नाही. सुरेखाला गेलं. तिनं वळून बघितलं. 'नको' म्हणायचं होतं. 'आमच्यात चालत नाही' म्हणायचं होतं. पण मग देवकाचं काय, पाच पालवीचं काय. ती नुसती हसली. बस्तीत तिनं डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढं पातेल्याखालचा जाळच दिसत राहिला. परत आल्या तेव्हा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आलेला. आव्वा अंगणात थांबल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही, ते त्यांना जमतच नसे. त्यांनी पदर नाकाला लावला, शालूबाईला बाहेर बोलावलं, आणि विचारलं तिला नाही. सुरेखाला विचारलं. "तुला ठाऊक हुतं?"

शालूबाईच्या हातात पळी होती. ती सुरेखाकडं बघत होती, घाबरून नव्हे, उलट जराशी हसत, आता हिच्याकडनं उलगडा होईल अशा भरवशानं. बहीणच ती.

"न्हाई, आव्वा," सुरेखा म्हणाली. "तिनंच मला सांगिटलं, आपल्यातलीच हाय म्हणून. देवकसुद्धा सांगिटलं. खोटं बोलली."

शालूबाई भांडली कशी नाही, हे फार दिवस सुरेखाबाईंना समजलं नव्हतं. नंतर वाटलं, भांडण्यासाठी आधी ऐकलेलं खरं वाटावं लागतं. ती आत गेली. तासाभरात आकारामनं काळी ट्रंक डोक्यावर घेतली, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव आणि नंबर. पोरगी त्याच्या बोटाला. आणि मागून शालूबाई, दोन्ही हातांत फडक्यानं धरलेलं ते पातेलं, गरम, झाकण उडत असलेलं. कुठं ठेवणार होती? रस्त्यावर थोडंच टाकणार. गल्लीतून ती तशी चालत गेली, वाफ तोंडावर घेत, आणि मागं दोन कुत्री. कोपऱ्यावर तिनं वळून बघितलं नाही. 'येते' म्हणाली नाही. खोल्या आव्वांनी शेणानं सारवल्या, दोनदा. पायरीवरचा खडू सुरेखानं पुसला. मॅट्रिकला ती बसलीच नाही. समांतर रेषांचं पुढं काय होतं ते वाचायचं राहून गेलं.

चारला पाच मिनिटं कमी असतानाच फोन वाजला. पडद्यावर तीन चौकोन उघडले. एकात ब्राह्मी, ओठ घट्ट मिटलेले. एकात सोन्याच्या काड्यांचा चष्मा लावलेली, पन्नाशीची, गोरी बाई. तिसऱ्यात शिवांजली, वेणी पुढं घेतलेली.

"जय जिनेंद्र, माजी."

"जय जिनेंद्र."

"असं बघा, राग मानू नका. आमच्यात शाह असते, दोशी असते. पाटील कसा जैन? पाटील तर शेती करतो."

"आमीबी शेतीच करतोय की. ऊस हाय, हळद हाय."

"जैन होऊन शेती? जमिनीत किती जीव मरतो, माजी!"

"मरतोय की. म्हणून तर मी रोज सकाळी बस्तीत जाती. आणि तुमी जेवता ते कुठनं उगवतंय?"

ब्राह्मीनं डोळे मिटले. बाईंचा चष्मा पुढं आला. "बस्तीत? झोपडपट्टीत?"

"आवं, बस्ती म्हंजी देऊळ! जिनमंदिर. आमच्याकडं बस्ती म्हणत्यात."

मालकीणबाई मोकळेपणानं हसल्या. हसताना बऱ्या दिसल्या, कुणाची तरी आई असावी तशा. "बस्ती! हे मी माझ्या सासूला सांगते. अच्छा, ब्राह्मी तर झाली. आणि ही दुसरी, शिवांजली? ही पण आपल्यातलीच ना?"

आपल्यातली. घाटकोपरची बाईही तोच शब्द कुठून तरी शिकली होती. सुरेखाबाईंनी तिसऱ्या चौकोनाकडं पाहिलं. शिवांजलीचे ओठ बारीक हलत होते. ती मनातल्या मनात णमोकार म्हणत होती. कधी विचारतील म्हणून, परीक्षेच्या वर्गाबाहेर उभ्या पोरीसारखी. आणि चेहऱ्यावर तोच भरवसा. आता आज्जी उलगडा करतील.

"आज्जी?" ब्राह्मी म्हणाली. "ऐकू येतंय ना?"

"येतंय." त्यांनी पदर सावरला. "व्हय. आपल्यातलीच हाय."

"पक्का? राग नको, पण मागच्या भाडेकरूनं मला फसवलं. सोसायटीत मान खाली गेली. उद्या काही निघालं तर मी कुणाला विचारू?"

"मला."

"तसं नाही, माजी, मी म्हणते..."

"मी काय म्हणती ते ऐका. निघालं तर मला इचारा. त्या पोरीला न्हाई इचारायचं. माझ्या नातीलाबी न्हाई. तिनं सांगितलेलं न्हाई, मी सांगितलंय. माझं नाव सुरेखा जिनपाल पाटील, विश्रामबाग, सांगली. लिहून घ्या." आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला होता. "खोटं ठरलं तर ते माझं खोटं. तुमी इथं या, माझ्या दारात उभं ऱ्हावा आणि मला बोला."

मालकीणबाईंनी चष्मा वर सरकवला. मग मवाळ होऊन म्हणाल्या, "एवढं नको हो. तुम्ही मोठ्या माणूस, तुम्ही सांगितलं, झालं. रविवारी चावी देते." त्यांचा चौकोन गेला. ब्राह्मीनं किंचाळून कुठंतरी उडी मारली, तिच्या चौकोनात नुसतं छत दिसायला लागलं, मग तेही गेलं. राहिली शिवांजली. तिला बहुतेक फोन बंद करायचं सुचलं नव्हतं, किंवा काहीतरी बोलायचं होतं.

"आज्जी, थँक्यू." डोळे भरलेले, पण हसत होती. "मी नीट राहीन. काही कळू देणार नाही. मला सगळं येतं आता, पाण्याचं, जेवणाच्या वेळेचं."

खिडकीबाहेर कुणाच्या तरी गच्चीवर हळद वाळत घातली होती, तिचा वास येत होता, आणि त्याच्या खालून दुसरा एक वास, जो तिथं असणं शक्य नव्हतं.

"शिवा," त्या म्हणाल्या, "तुमचं देवक कंचं गं?"

पोरगी गोंधळली. मग एकदम सावध झाली, पाठ ताठ करून बसली. "ते पण विचारतील का? मला नाही ठाऊक आज्जी, आईला विचारावं लागेल. पण नको, तुम्ही सांगा. तुमचं जे असेल तेच सांगते मी."

"न्हाई, न्हाई." त्यांनी हात वर केला, जणू ती समोरच्या पायरीवर बसली होती आणि हात धरायला पुढं झाली होती. "तसं सांगायचं न्हाई. आईला इचार, आणि ध्यानात ठिव." मग त्यांनी हात खाली घेतला. "आमच्यात देवक नसतंय, बाई. आमी जैन. आमच्यात न्हाईच."